उरलेल्या भाताची राखण

दहावीचे पेपर सुरू झाले की माझी आई गच्चीवर शिळा भात वाळत घालायला लागते. तसा ती वर्षभर घालते म्हणा, पण मार्च आला की तिच्या अंगात येतं. रात्रीचा उरलेला भात सकाळी दोन पाण्यांतून काढायचा, निथळायचा, जुन्या सुती लुगड्यावर शीत न् शीत सुटं करून पसरायचा आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग ऊन उतरेपर्यंत तिचा अर्धा जीव वर. जव्हारला आम्ही राहतो ती इमारत तीन मजली, गच्ची सगळ्यांची सामाईक. तिथे बाकीच्यांचे पापड असतात, कुरडया असतात, मिरच्या असतात. त्यांच्याच रांगेत आमचा शिळा भात.

खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाई परवा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "वरती पांढरं काय घातलंय हो तुम्ही?"

"शिळा भात."

त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "पक्ष्यांसाठी ना?"

"नाही, आमच्यासाठी."

हे उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. आता मात्र मी ते जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देते.

घरात फ्रिज आहे. आईचा त्याच्यावर राग नाही, फक्त विश्वास नाही. तिच्या मते फ्रिज ही उरलेलं अन्न विसरायची जागा. "वाटीत घालून झाकलं का तुमचं काम झालं," ती म्हणते, "चार दिवसानं वास आला का टाकायला मोकळं." मी चिडते, कारण हे खरं आहे. एकदा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात उसळीची वाटी सापडली होती आणि तिच्यावर चांगली लव उगवली होती. आईने ती वाटी माझ्यासमोर आणून ठेवली आणि दिवसभर माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे रोज सकाळी पहिलं काम म्हणजे काल काय उरलं ते बघणं. आमटी उरली तर तिच्यात पीठ भिजतं. भाजी थालीपिठात जाते. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी उरली तर कुस्करून, कांदा-मिरची घालून तव्यावर परततो. आणि भात तर काय, गच्चीवर. कचऱ्याच्या डब्यात आमच्या घरचं अन्न जाणार नाही, हे मी ठरवून टाकलं आहे आणि कोणाला ते कंजूषपणाचं वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

यंदा माझी मुलगी प्राची दहावीला आहे. ती खोलीत पुस्तक घेऊन बसते, मी ऑफिसातून आले की तिच्यासाठी काहीतरी खायला करते, आई गच्चीवरून खाली येते आणि तिच्या हाताला वाळलेल्या भाताचा तो वास असतो. धुतलेल्या, उन्हात तापलेल्या, किंचित आंबूस भाताचा. तो वास आला की मला माझी दहावी आठवते. गणित नाही आठवत, इंग्रजी नाही आठवत. तो उन्हाळा आठवतो.

खोडाळ्यापासून तासभर चालत गेलं की आमचा पाडा. सपाटीवर जरासं भात, डोंगराच्या उतारावर नागली आणि वरई. त्या वर्षी नेमका कापणीला पाऊस आला. कापून आडवं टाकलेलं भात शेतातच भिजलं आणि त्याला जागच्या जागी मोड आले. बाबा बांधावर बसून राहिले. आईने मोड आलेल्या ओंब्या उचलून घरात आणल्या, चुलीवर टांगल्या आणि जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवलं.

दरवर्षी दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा व्हायचा. घरांना कुडाची दारं लावून माणसं वीटभट्ट्यांवर जायची, भिवंडीकडे. आम्हीही जायचो. पोरं शाळेत असतील तर पोरंही जायची, कारण मागे त्यांना कोण सांभाळणार? मी नववीपर्यंत अशीच अर्धं अर्धं वर्ष शिकले. वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. दहावीच्या वर्षी मुकादम न्यायला आला तेव्हा आई ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाय येत."

मुकादम म्हणाला, "जोडी पायजे. एकट्या माणसाचं भट्टीवर काय काम?"

"बाप-लेकाची जोडी न्या. माझा पोऱ्या आता मोठा झालाय. मी येईन, पोरीचा शेवटचा पेपर झाला का दुसऱ्या दिवशी येईन."

मुकादम बिडी पेटवायला बाजूला गेला तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "तवर खाल काय?"

आई घरात गेली. धान्याच्या कणगीत तिने हात घातला. दाणे तिच्या कोपरापर्यंत आले. तिने तो हात बाहेर काढून बाबांना दाखवला, कोपरापर्यंत कोंडा लागलेला.

"पुरवीन," ती म्हणाली.

तेवढंच. बाबा आणि दादा गेले आणि आम्ही दोघी राहिलो. कणगीतलं धान्य शेवटच्या पेपरपर्यंत पुरलं तर मी परीक्षा देणार, आणि नाही पुरलं तर आम्हीही भट्टीवर जाणार, कारण तिथे मुकादम निदान खायला तरी घालतो. इतका सरळ हिशेब होता. मी अभ्यास करत होते ती पुस्तकं आणि आई सांभाळत होती ती कणगी, यांत माझी पुस्तकं सोपी होती असं मला आज वाटतं.

आईने धान्य पुरवलं म्हणजे आम्हाला उपाशी ठेवलं असं नाही. तिने काहीही वाया जाऊ दिलं नाही. भात शिजला की त्याची पेज वेगळी निघायची, ती मीठ घालून सकाळी प्यायची. रात्री उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी कांद्याबरोबर खायचा. त्यातूनही मूठभर उरला तर पाट्यावर वाटून नागलीच्या पिठात मिसळायचा, पळसाच्या पानांत थापायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा. पान जळायचं, आत भाकर व्हायची, तिला पानाच्या शिरांचे ठसे पडायचे. मी शाळेत तो डबा नेला की बाकीच्या मुली एक तुकडा मागायच्या. तो शिळ्या भाताचा आहे हे मी कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट लोकांना सांगितली की त्यांना पटत नाही. आमच्या घरात आई पहिली जेवायची. गोष्टींतल्या आया शेवटी जेवतात, मुलांना वाढून भांडं खरवडून खातात. माझी आई चुलीवरून भांडं उतरवायची, स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची आणि निवांत जेवायची. मी समोर बसून बघायची. मग माझं ताट. कोणीतरी एकदा तिला यावरून टोकलं तेव्हा ती म्हणाली, "पाणी मी आणतंय, लाकडं मी आणतंय. मी पडली तर हिला कोन उचलील? ही पडली तर मी हाय ना." मला तेव्हा तिचा राग यायचा. आता मीही ऑफिसातून आल्यावर आधी स्वतः खाते, मग बाकीच्यांचं बघते, आणि त्याबद्दल मला कोणी काही बोललेलं खपत नाही.

फाल्गुनात लग्नं सुरू झाली. जवळच्या मोठ्या पाड्यावर एक लग्न होतं, त्याला सगळे गेले. लग्नाचा भात म्हणजे केवढाले हंडे. दोन पंगती उठल्या, तिसरी कमी भरली आणि भात उरला. दुपारी तो तसाच परातींत पडून होता, माश्या बसायला लागल्या होत्या. गुरांना घालू असं कोणीतरी म्हणालं. आई उठली, तिने लग्नघरच्या मालकिणीला विचारलं, "नेऊ का?" तिने हो म्हटलं. आईने टोपलीत पळसाची पानं अंथरली, टोपली काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आणि सगळ्या मांडवाच्या मधून चालत निघाली. कडेकडेने नाही, मधून. मी मागे. माझ्या वर्गातल्या दोन मुली मांडवात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग एकमेकींकडे.

पुढच्या आठवड्यात शाळेत त्यांच्यातली एक म्हणाली, "तुमच्याकडं लग्नाचा भात अजून चालू हाय का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार. घरी येऊन मी आईला म्हटलं की दुसऱ्यांच्या मांडवातलं उरलेलं आणलं ते मला आवडलं नाही.

"नको आवडू," आई म्हणाली. "खा."

तो सगळा भात तिने धुऊन खळ्यात वाळवला होता. आधी तो मऊ, मग चिकट, मग कडक होत गेला आणि तिसऱ्या दिवशी मुठीत घेतला की खड्यांसारखा वाजायला लागला. असा वाळलेला भात वाळवलेल्या दुधी भोपळ्याच्या पोकळ तुंब्यांत भरून ठेवायचा. मग लागेल तेव्हा भाजून कुरकुरीत खा, नाहीतर उकळत्या पाण्यात टाका, पुन्हा भात होतो. थोडा रबरासारखा होतो, पण पोटाला भात आहे हे कळतं. आमचे तीन तुंबे भरले. कणगीत तोवर तळ दिसायला लागला होता, आणि आईचा सगळा भरवसा आता त्या तीन तुंब्यांवर होता.

पेपर सुरू झाले. केंद्र खोडाळ्यालाच होतं. आईने एकही दिवस मला काही काम सांगितलं नाही. फक्त एक दिवस सांगितलं.

इतिहास आणि भूगोल एवढे दोनच पेपर राहिले होते, मध्ये काही दिवसांची सुट्टी होती. मोहाचा सडा पडायला लागला होता. आई अंधार सरता सरता टोपली घेऊन मोहाखाली जायची आणि ऊन तापेपर्यंत फुलं वेचायची. त्या सकाळी एक तुंबा उघडला तर आतून कुबट वास आला. ओल धरली होती. आईने तिन्ही तुंबे खळ्यात मोठ्या चटईवर पालथे केले. एका उन्हात सगळं खडखडीत होईल असं ती म्हणाली, माझ्या हातात काठी दिली आणि टेकाडावरच्या वरच्या मोहाकडे निघाली.

"शेळ्यांवर डोळा ठेव," जाताना बोलली.

आमच्याकडे कापणी झाली की गुरं-शेळ्या मोकळ्या सोडतात. पेरणीपर्यंत कोणी कोणाचं जनावर बांधायला सांगायचं नाही, ज्याने काही वाळत घातलं असेल त्याने आपली राखण करायची. हे पाड्यावर लहान पोरालाही माहीत असतं.

मी काठी घेऊन चटईपाशी बसले, मांडीवर इतिहासाचं पुस्तक. त्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता. आमच्या खळ्याला लागून पायवाट जाते, तिच्यावरून खालच्या गावच्या बाया-पोरी बाजाराला जात होत्या. लांबून मला त्या दोघी येताना दिसल्या. त्याच, मांडवातल्या. माझ्यासमोर चटईभर लग्नाचा भात पांढराशुभ्र वाळत पडलेला.

मी उठले आणि थोडी लांब जाऊन, चटईकडे पाठ करून बसले. जणू तो भात कोणाचा आहे ते मला माहीत नाही.

त्या गेल्या. मी तशीच बसून राहिले. अजून कोणी येईल असं वाटत होतं. पुस्तक उघडं होतं, त्यातलं एक अक्षरही मी वाचत नव्हते. मागे सुक्या पानांचा आवाज होत होता, तो वाऱ्याचा असेल असं मी धरून चालले. बऱ्याच वेळाने वळले तर शेजारच्या जनीकाकीच्या तिन्ही शेळ्या चटईवर उभ्या होत्या. दोघी शिंगं लावून भांडत भात पायांखाली तुडवत होत्या. तिसरी, भुरी, कोणाशी न भांडता एका टोकापासून नीट खात आली होती.

मी काठी घेऊन धावले. लेंड्या, माती, शेळ्यांच्या मुताने ओली झालेली चटई. आई आली तेव्हा मी रडत होते. "वाचताना लक्ष राहिलं नाही," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप घेतलं आणि जेवढं वेचता येईल तेवढं वेचायला बसली. सूपभर निघालं.

जनीकाकी म्हणजे आमच्या शेजारची विधवा बाई. मुलगा भट्टीवर, घरात ती आणि या तीन शेळ्या. दुपारी तिची हाक आली. भुरीने भात खाऊन गुरांच्या डोणीतलं पाणी प्यायलं होतं आणि पोटात भात फुगायला लागला होता. कूस ढोलासारखी ताणली होती. काकीने तिला खुरासणीचं तेल पाजलं, आम्ही मायलेकींनी तिला ओढत खळ्याच्या चार फेऱ्या मारल्या. ती पुढचे पाय दुमडून बसली आणि उठेना.

"तुझ्या शिळ्या भातानं माझी शेळी मारली गं वयनी!" काकी आईवर ओरडली.

"तुझ्या शेळीनं माझ्या पोरीचे पेपर खाल्ले," आई ओरडली.

दोघी मोठमोठ्याने भांडल्या. मी मध्ये उभी. चूक कोणाची ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि मी ते सांगितलं नाही. मग भुरीने मान टाकायला सुरुवात केली आणि आई एकदम भांडायची थांबली.

"जने, ती जगत नाय. मरायच्या आधी कापू. मेली का फुकट जाईल."

काकी रडत होती. तिने नाही म्हटलं, मग परत शेळीकडे बघितलं आणि मान हलवली. पाड्यावर म्हातारी माणसं राहिली होती, त्यांच्यातल्या एका आजोबांनी सुरी आणली. आमच्याकडे जनावर कापलं की त्याचे सारखे वाटे करतात, पळसाच्या पानांवर मांडतात, आणि ज्याला हवा तो वाटा घेऊन बदल्यात दाणे आणून देतो. त्या दिवशीही तसंच झालं. ज्या घरांत माणसं मागे राहिली होती, त्या सगळ्या घरांतून कोणी ना कोणी आलं. कोणी नागली आणली, कोणी तांदूळ, एकीने वरई. काकीच्या ओट्यावर ते सगळं एका टोपलीत पडत गेलं. मी लांबून बघत होते. आमच्या भाताची शेळी झाली, शेळीचे वाटे झाले आणि वाट्यांचं पुन्हा धान्य झालं, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण ते धान्य काकीचं होतं. शेळी तिची होती.

दिवस मावळायच्या आत काकी टोपली घेऊन आमच्या दारात आली. तिने खाली बसून धान्याचे दोन ढीग केले, हातानेच, सारखे.

"हे तुमचं," एका ढिगाकडे बोट करून म्हणाली.

"आमचं कशाचं?" आई म्हणाली. "शेळी तुझी."

"शेळी माझी. पन तिच्या पोटात भात तुझा व्हता."

"राखनीला माझी पोर बसली व्हती. शेळ्या तर आता मोकळ्याच राहनार. चूक आमची."

काकी कधी शाळेत गेलेली नव्हती. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "किती पेपर ऱ्हायले?"

"दोन," मी म्हटलं.

"मग ठेवा," ती आईला म्हणाली. "चूक कोनाची ते मागून बघू."

आई हट्टी बाई. तिने कोणाकडून काही फुकट घेतलेलं मी पाहिलेलं नाही. पण त्या दिवशी तिने तो ढीग सुपात भरून घेतला. काकीची टोपली तिने रिकामी परत दिली नाही. सकाळी वेचलेली मोहाची फुलं तिच्यात घातली, ओंजळीवर ओंजळ, टोपली भरेपर्यंत.

तेवढ्या धान्यावर, सूपभर वाचलेल्या भातावर आणि काकीने आमच्यासाठी ठेवलेल्या मटणाच्या वाट्यावर पुढचे दिवस निघाले. मटण आईने एका दिवसात संपवलं नाही. थोडं शिजवलं, बाकीचं चुलीवर दोरीला लावून धुरात सुकवलं आणि रोज त्यातला एकेक तुकडा वरईत घातला. मी ते खाल्लं. प्रत्येक घासाला मला चटईकडे केलेली माझी पाठ आठवायची, तरी खाल्लं. त्या दिवसांत मी जसा अभ्यास केला तसा आधी कधी केला नव्हता. जो भात मी राखला नाही तो निदान पेपरात तरी उतरवायचा, असं मी ठरवलं होतं. कोणाला हसू येईल. मला तेव्हा ते देवापुढच्या शपथेइतकं खरं वाटत होतं.

भूगोलाचा पेपर देऊन मी चालत घरी आले. आईने शेवटचा तुंबा चुलीपाशी आणून ठेवला होता. सूपभर वाचलेला भात तिने त्यात भरून ठेवला होता आणि त्यातला शेवटचा राहिलेला आज शिजवला होता. तिने भांडं उतरवलं, ताट घेतलं. मी सवयीने समोर बसले आणि ती जेवायची वाट बघायला लागले.

तिने ताट माझ्यासमोर सरकवलं.

"आज तू पयली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टीवर गेलो. माझा निकाल लागला तेव्हा मी डोक्यावर विटा वाहत होते. पास झाले होते. आईने विचारलं, "सगळ्यात?" मी हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर पुढच्या विटा चढवल्या.

मध्ये खूप वर्षं गेली. जनीकाकी आता नाही. पाड्याला सिमेंटची घरं झाली, पण दिवाळीनंतर कितीतरी घरांना अजून कुलूप लागतं. मी शिकले, नोकरीला लागले, जव्हारला आले, माझं लग्न झालं. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या गाठोड्यात दोन लुगडी होती आणि एक रिकामा तुंबा. तो आता स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर असतो. त्यात वाळलेला भात असतो. आमच्यावर आता तशी वेळ नाही, मग हे कशाला, असं माझा नवरा सुरुवातीला म्हणायचा. आता म्हणत नाही. ड्यूटीवरून आला की तोच मूठभर भात भाजून चहाबरोबर खातो.

काल रविवार. प्राचीचे इतिहास आणि भूगोल राहिलेत. आईचे गुडघे दुखत होते, तरी ती भात घेऊन वर निघाली होती. मी म्हटलं, "बस तू, प्राचीला बसवते वरती. पुस्तक घेऊन बसेल."

आई जिन्यातच थांबली. "पोरीला राखनीला बसवायचं नाय. तू बस."

मग मी बसले. भात पसरला, दगड ठेवले, प्लॅस्टिकची खुर्ची घेतली. आई पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकली. ऊन लागत होतं म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली होती. गच्चीचं दार वाजलं आणि खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायला आल्या. लुगड्याकडे बघून हसल्या, मीही हसले. त्या गेल्यावर मी आईला ते सांगितलं. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी मी वाचत नव्हते, आये. बाजाराला पोरी चालल्या होत्या. त्यांना भात आपला आहे असं कळू नये म्हणून मी पाठ करून बसले होते."

"म्हाईत हाय," आई म्हणाली.

"कसं?"

"वरच्या मोहाखालून खळं दिसतं. शेळ्या दिसल्या नाय मला, झाड आड येत व्हतं. तू दिसत व्हतीस."

"मग हाक का नाही मारलीस?"

आईने पायावरून हात फिरवला. तिला घाई कसली नसते.

"फुलं वेचता वेचता बघत व्हती," ती म्हणाली. "म्हटलं, आता वळशील. आता वळशील."

गच्चीवर वारा होता. लुगड्याचा एक कोपरा दगडाखालून सुटून फडफडत होता. मी उठले, दगड नीट ठेवला. मग उन्हाकडे न बघता खुर्ची उचलली, फिरवली आणि भाताकडे तोंड करून बसले.